रुसलेला आंबा

आमच्या ऑफिसात लंच अवरला एक बरणी फिरते. माझी. वलगावहून आजी पाठवते ते कैरीचं लोणचं! फूड कोर्टातली भाजी कशीही असो, ही बरणी उघडली की पलीकडच्या क्युबिकलमधली मंडळीही "अगं, जरा इकडे" करत हजर होतात. आणि मी दर वेळी तोच डायलॉग मारते, "आमच्या झाडाच्या कैऱ्या आहेत. पणजोबांनी लावलेलं झाड!" हिंजवडीत राहून वन बीएचकेचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला 'आमचं झाड' म्हणताना किती भारी वाटतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दोन डिसेंबरांपूर्वी कळलं, की मी चार वर्षं चक्क थापा मारत होते. झाडाला कैरीच लागत नव्हती. आजी अमरावतीच्या बाजारातून कैऱ्या आणवत होती.

तुम्ही कधी चिखलदऱ्याला गेला असाल, तर वलगाव तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त लक्षात नाही. अमरावतीतून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं, की गाडीतली दोन-तीन गाणी संपेपर्यंत पेढी नदीचा पूल येतो. तेच आमचं गाव. वीकएण्डवाल्यांना मेळघाटचं धुकं आणि चिखलदऱ्याची कॉफी गाठायची घाई असते, त्यामुळे इथं फारसं कुणी थांबत नाही. थांबावं, असं मी तरी म्हणेन. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी याच पेढीच्या पुलाजवळ, गाडीत, देह ठेवला. नदीकाठी त्यांची निर्वाणभूमी आहे. आयुष्यभर खराटा घेऊन दुसऱ्यांची गावं झाडणारा माणूस कुठल्या घरात नाही, मठात नाही, रस्त्यावर गेला. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. "सारा गाव पुलाकडं पयत होता," एवढंच ती सांगते. पुढे विचारलं की गप्प होते.

तर त्याच पुण्यतिथीला जोडून मी सुट्टी टाकली होती. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये पाय आखडून सकाळी अमरावतीला उतरले. नाश्त्याला गिला वडा झाला. (आलुपोंगा परतीच्या वाटेवर. हे दोन्ही न खाता अमरावती सोडणं म्हणजे गुन्हा आहे.) दुपारी काकांबरोबर वावरात गेले, तर शेप्याखाली दोन माणसं बुंध्याला टेप लावून उभी!

शेप्या म्हणजे आमचं झाड. गावरान आंब्यांना अशी घरगुती नावं असतात. कुणाचा साखऱ्या, कुणाचा केळ्या, कुणाचा गोट्या. आमच्या आंब्याला शेपूच्या भाजीसारखा पुसटसा वास येतो, म्हणून शेप्या. लहानपणी मे महिन्यात त्याचा रस आणि सरगुंडे हा आमचा रोजचा बेत असायचा. पाहुणे आले, की झाडाखाली गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे आणि बाजूच्या चुलीवर वांग्याची भाजी. काकांनी झेला बांधलेली काठी वर घातली, की खाली आम्ही पोट्टे डोक्यावर हात धरून उभे. हे सगळं मी पुण्यात इतक्या वेळा ऐकवलंय, की टीममधल्या एका बंगाली मुलालाही पाठ झालंय.

"काका, हे कोण?"

"आरामशीनवाले. शेप्याचा सौदा करून राहिलो."

"काय?"

"चार वर्स झाले बाई, एक कैरी नाही लागली. पाला पाय किती हिरवागार हाये! खाते-पिते, अन् काही देत नाही."

"आणि मग लोणचं?"

काका आजीकडे बघायला लागले, आणि आजी तुरीकडे. मग म्हणाली, "तुले आवडते म्हून..."

मला राग कुणाचा आला, ते अजूनही नीट सांगता येणार नाही. आजीचा तर नाहीच. शेप्याच्या लोणच्याला तो शेपूचा वास असतो. चार वर्षं बरणीला तो वास नव्हता, आणि बरणीचं कौतुक करत फिरणाऱ्या मला ते कळलंसुद्धा नाही! कैऱ्या बाजारातल्या होत्या, मसाला आजीचा होता, आणि 'आमच्या झाडाची चव' सगळी माझ्या डोक्यात होती.

मी अर्थातच "तोडायचं नाही" म्हणून भांडले. काका शांतपणे म्हणाले, "तू वर्षातून दोन दिवस येतं, फोटो काढतं अन् जातं. याच्या सावलीनं तुरीच्या चार ओळी बसतात, ते कोण पायते? विहिरीचा गाळ काढायचा हाये, त्याले पैसे कोण देते?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे मी देते म्हणाले असते तर काका दुखावले असते, हेही माहीत होतं. एकच गोष्ट हाताशी होती. महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचा कायदा आहे, आणि परवानगीशिवाय तोडायची नाहीत अशा झाडांच्या यादीत आंबा आहे. ते मी आरामशीनवाल्यांना ऐकवलं. त्यातला एक हसून म्हणाला, "परवानगीचं आम्ही पायतो ना ताई." तुमचा नंबर ठेवून जा, म्हणून काकांनी त्यांना वाटेला लावलं, हे माझं नशीब.

त्या रात्री गच्चीवर, जिथे मोबाईलला दोन कांड्या रेंज येते तिथे बसून मी शोधत होते, की चांगलं वाढलेलं, धडधाकट झाड फळ द्यायचं का थांबवतं? आणि गंमत बघा, हाच प्रश्न साता समुद्रापलीकडची माणसं ओकच्या झाडाबद्दल विचारत असतात. 'आइस एज' सिनेमात ती वेडी खार ज्या फळासाठी जिवाचं रान करते ना, ते एकॉर्न म्हणजे ओकचं फळ. ओक काही वर्षं जवळजवळ कोरा जातो आणि मग एखाद्या वर्षी आख्ख्या परिसरातले सगळे ओक एकदम फळांचा सडा घालतात. त्यामागचा एक अंदाज असा, की दर वर्षी सारखं पीक आलं तर खारी, डुकरं आणि पाखरं तेवढीच पोसली जातील आणि बी उरणारच नाही. मधली वर्षं त्यांना उपाशी ठेवायचं आणि एका वर्षी इतकं द्यायचं, की खाऊन संपता संपू नये! शिवाय फुलोऱ्यात हिमकडा पडला तर फुलं जळतात. लाल ओकच्या काही जातींना तर फूल ते फळ अशी पुरती दोन वर्षं लागतात, म्हणजे यंदाच्या नापिकीचं कारण गेल्या वर्षात शोधायचं. माझी एवढी खात्री झाली, की झाड नुसतं आळशी नसतं, काहीतरी हिशोब असतो त्याचा.

सकाळी मी शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकलेली आहे आणि आता इकडेच बागांचे सल्ले देत फिरते. स्कूटीवरून आली, हेल्मेट काढलं, चहा नको म्हणाली आणि थेट फांदीचं टोक हातात घेऊन उभी राहिली.

"हे काय आहे?"

"पानं."

"कसल्या रंगाची?"

पानं तांबूस होती. कोवळी, लुसलुशीत पालवी. मला तर सुंदरच वाटली.

"डिसेंबरात आंब्याला पालवी?" ती म्हणाली. "याला आता झोप लागलेली असायला हवी."

मग तिनं जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. आंब्याला पावसाळ्यात नवी फूट येते. ती फूट दोन-चार महिने जून व्हावी लागते, पान गडद आणि कडक व्हावं लागतं. पाऊस गेला, जमीन वाळत गेली, की झाडाची वाढ थांबते. आणि मग थंडी पडते. रात्रीचा पारा पंधराच्या आसपास उतरला, की त्या जून काड्यांच्या टोकाचा डोळा पालवीच्या ऐवजी मोहोराचा होतो. विश्रांती आणि गारवा, दोन्ही लागतं. काडी कोवळी असेल, झाड वाढीच्या नादात असेल, तर थंडी कितीही पडो, डोळ्यातून निघणार पानच. एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात, त्यातली कैरी धरते एखाददुसरी. पण इथे मुळात तुराच नव्हता.

"मग हे वाढीच्या नादात का आहे? इथं खत कोण घालतंय त्याला?"

मैत्रीण बुंध्याला वळसा घालून विहिरीच्या बाजूला गेली आणि तिथंच उभी राहिली. चप्पल चिखलात रुतली होती तिची. डिसेंबरात, काळ्या जमिनीत, चिखल!

आता इथं थोडी संत्र्याची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काकांनी धुऱ्याच्या अलीकडे संत्र्याचा बगीचा लावलेला आहे, ड्रिपवर. आमच्याकडे संत्र्याला मुख्यतः दोन बहार घेतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं दिवाळीच्या पुढेमागे. मृगाची फुलं पावसाच्या तोंडावर येतात आणि फळं फेब्रुवारी-मार्चला. बहार पाहिजे असेल, तर आधी झाडाला 'ताण' द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल होईपर्यंत तहानेलं ठेवायचं, मग पाणी सोडायचं, की झाड फुलून येतं. (ऑफिसातल्या मॅनेजरांनी हे वाचू नये. आमच्याकडे ताण भरपूर आहे, पाणी सोडायचं तेवढं विसरतात.) भारी काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही, म्हणून ताण बसायला वेळ लागतो, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला की सगळं मुसळ केरात.

काका मृग बहार घेतात. म्हणजे थंडीत संत्र्याच्या झाडावर फळं असतात आणि त्यांना पाणी सुरू असतं. एप्रिल-मेमध्ये ताण, म्हणजे पाणी बंद. आंब्याला नेमकं उलटं पाहिजे! त्याला नोव्हेंबर-डिसेंबरात कोरडं हवं, आणि कैऱ्या पोसायच्या मार्च-एप्रिलात चार घागरी मिळाल्या तर हव्या. आणि ड्रिपचा फिल्टर धुतल्यावर येणारं पाणी सोडायचा पाईप काकांनी काढला होता तो कुठे? शेप्याच्या मुळाशी. थंडीत एक-दोन दिवसाआड फिल्टर धुतला जाणार, आणि त्याच लाईनीतून युरियाही जात असणार. म्हणजे चार हिवाळे या म्हाताऱ्याच्या तोंडाशी कुणीतरी सरबताचा ग्लास धरून बसलं होतं. झोपणार कसा तो?

"बरं, पाईपलाईन गाडायला चर कुठून खोदला होता?" मैत्रिणीनं विचारलं.

"इकडूनच. जेसीबी लावला होता," काका म्हणाले आणि मग स्वतःच त्या जागेकडे बघत राहिले. चर झाडाच्या पूर्व बाजूने, छत्रीच्या आतून गेला होता. त्या बाजूची मुळं तुटली असणार हे आमच्यापैकी कुणालाच सांगावं लागलं नाही.

मैत्रीण मात्र एवढ्यावर निकाल द्यायला तयार नव्हती. गावरान आंबा तसाही एक वर्षाआड भरतो. भरघोस वर्षात त्याची सगळी ताकद फळांत जाते, नवी फूट कमी येते, आणि जिथे जून काडीच नाही तिथे पुढल्या वर्षी मोहोर कुठून येणार? त्यात एखाद्या वर्षी मोहोरात ढगाळ हवा आली की भुरी आणि तुडतुडे. वर मार्चमधल्या गारा. २०१४ साली विदर्भ-मराठवाड्याला गारपिटीनं झोडपलं होतं, ते आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. शिवाय बगीच्यात औषधं फवारली, की आंब्याच्या फुलावर बसणाऱ्या माश्याही मरतात, आणि आंब्याचं परागीकरण मुख्यतः माश्याच करतात. "तू म्हणतेस तसं एकच कारण नसतं," ती मला म्हणाली. "पण जे आपल्या हातात आहे, ते आधी बंद करू."

उपाय सुचवणारे मग बरेच निघाले. शेजारच्या वावरातल्या आजोबांनी सांगितलं, एकानं कुऱ्हाड उगारायची आणि दुसऱ्यानं म्हणायचं, "राहू द्या, पुढल्या वर्षी देईल तो." घाबरून झाड फळतं म्हणे! मी हसले, पण मैत्रीण हसली नाही. सालीला जखम झाली की पानांत तयार झालेली साखर खाली मुळांकडे जायची अडते, वरच साठते, आणि कधी कधी त्यातून मोहोर येतो. बागायतीत काही ठिकाणी मुद्दाम सालीची बारीक कडी काढतात, ती याचसाठी. फिलिपिन्समध्ये पूर्वी आंब्याच्या झाडाखाली दिवसेंदिवस धुरी करून मोहोर आणवायचे. तिथल्या रॅमॉन बार्बा नावाच्या शास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की पोटॅशियम नायट्रेटची साधी फवारणीही तेच काम करते, आणि त्या देशाचा आंब्याचा धंदाच बदलून गेला. काकांना मात्र कोकणातलं कल्टार माहीत होतं. हापूसवाले पावसाळ्यात ते मुळांशी घालतात, त्यानं वाढ आवरते आणि मोहोर येतो. "तेच आणतो ना," काका म्हणाले.

"काका, नळ चालू ठेवून औषध कशाले?" मैत्रिणीनं विचारलं.

मला वाटतं, शेप्या वाचला तो या एका वाक्यानं. काकांनी पाईप उचलला, तिथल्या तिथे कोपर लावून धुऱ्याच्या पलीकडे तुरीकडे वळवला. मग मला म्हणाले, "तीन वर्स देतो. मंग नाही आयकणार."

आणखी एक गोष्ट मैत्रिणीनं सुचवली, आणि ती माझ्या डोक्यात कधी आलीच नसती. शेप्या कोयीतून उगवलेला आहे. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांची कोय लावली, तरी तोच आंबा येईल याची खात्री नसते. म्हणजे शेप्यासारखा आंबा जगात एकच, आणि तो आरामशीनवर गेला की संपला. उपाय एकच, कलम. पुढच्या पावसाळ्यात ती काड्या घेऊन गेली. अंकुर फुटलेल्या कोयींवर त्या बांधल्या, पाच कोय कलमं केली. तीन सुकली. दोन आजीच्या ओसरीवर काळ्या पिशव्यांत आहेत, आणि आजी त्यांना रोज पेल्यानं पाणी घालते. अगदी मोजून.

पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. पाईप हलवला तोवर डिसेंबर अर्धा संपला होता आणि पालवी येऊन गेली होती. जानेवारीत मी रोज काकांना फोन करायचे, आणि ते रोज "पानंच हायेत" म्हणायचे. पुढे पुढे फोनच उचलेनात.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात गेले, तर पानं काळपट हिरवी, कडक, एकही नवी फूट नाही. झाड इतकं निपचित होतं, की मीच घाबरले. मरतंय की काय? मैत्रीण म्हणाली, "आता झोपलंय." जानेवारी संपता संपता काकांनी फोटो पाठवला. हललेला, उन्हात धरलेला, अंगठा लेन्सवर. पण पश्चिमेकडच्या फांद्यांवर मोहोर होता! जिथे चर खोदला होता ती पूर्व बाजू मात्र कोरी. ऑफिसात मी तो फोटो अख्ख्या फ्लोअरला दाखवला. त्या बंगाली मुलानं तर विचारलं, "पार्टी कधी?"

मार्चमध्ये एका संध्याकाळी वारा सुटला, सोबत पाऊस. सकाळी झाडाखाली मोहोराचा आणि मिरीएवढ्या कैऱ्यांचा थर होता, असं आजी म्हणाली. उरल्या त्यातल्या किती टिकल्या, तर काकांनी मोजून सांगितलं, त्रेसष्ट. पूर्वी शेप्या पोत्यांनी उतरायचा. त्रेसष्ट कैऱ्यांवर कुणी आरामशीनवाल्याचा नंबर डिलीट करत नाही, आणि काकांनीही केलेला नाही. मी विचारलं.

जूनमध्ये बरणी आली. आजी फोनवर म्हणाली, "आपल्या कैऱ्या कमी पडल्या बाई, थोड्या बाजारातल्या घातल्या." झाकण उघडलं, वास घेतला. आहे... किंवा मला हवा होता म्हणून आला. लंचला बरणी नेहमीप्रमाणे फिरली. या वेळी मी सगळ्यांना आधीच सांगून टाकलं, की काही फोडी आमच्या झाडाच्या आहेत, काही नाहीत, आणि कुठल्या कुठल्या ते मलाही माहीत नाही. "नेहमीसारखंच लागतंय गं," एक जण म्हणाली. तिचं तरी काय चुकलं?

काकांनी दिलेल्या तीन वर्षांतलं आता एकच उरलंय. पुण्यतिथीच्या आठवड्याची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे.